आईचा जन्म गोव्यातला, संसार सांगलीचा: पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद कसे जुळवायचे

हा लेख एकाच तऱ्हेच्या घरांसाठी आहे. घरातली आई किंवा वडील १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मले आणि पुढे लग्नाने, नोकरीने, नाटक-गाण्याच्या नादाने सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडे येऊन इथलेच झाले, अशी घरं. आपल्याकडे ती वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी सांगलीत बिऱ्हाड केलं होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण मिरज जंक्शनवरून लोंढ्यामार्गे मडगाव-वास्कोला रेल्वे जाते म्हटल्यावर सोयरिकी व्हायच्याच. त्या सोयरिकीतून आलेल्या सुना आज सत्तरीत आहेत आणि त्यांची मुलं विचारतायत, ‘आईचा पोर्तुगीज पासपोर्ट होतो म्हणे?’

होतो. पण आधी चाळणी लावा.

सातारा म्हणजे फौजींचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून पहिल्या महायुद्धात किती पोरं गेली त्याचा दगडी स्तंभ आजही उभा आहे. तिकडून हमखास प्रश्न येतो: ‘पणजोबा ब्रिटिशांच्या फौजेत होते, आम्हाला इंग्लंडचं नागरिकत्व लागू होतं का?’ नाही. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात केलेल्या नोकरीतून वंशजांना ब्रिटिश नागरिकत्व मिळत नाही. पदकं जपून ठेवा, पण त्यावर कुणी पैसे उकळत असेल तर देऊ नका. नागरिकत्व रक्ताच्या नात्याने मागायचं तर पूर्वज त्या देशाच्या कायद्याने त्याचा नागरिक असावा लागतो. गोव्याची गोष्ट इथेच वेगळी पडते. पोर्तुगालच्या लेखी १९६१ पर्यंतचा गोवा हा पोर्तुगालचाच भाग होता. तिथे जन्मलेल्यांचा नागरिकत्वाचा हक्क त्यांनी भारताबरोबरच्या १९७४ च्या करारानंतरही (ज्यात पोर्तुगालने गोवा भारताचा मानला) मोडीत काढला नाही. भारताने मात्र १९६२ च्या आदेशाने त्याच माणसांना भारतीय नागरिक केलं. म्हणजे तुमच्या आईवर दोन देशांचा दावा आहे, फक्त एका वेळी एकाच देशाचं होऊन राहता येतं.

तारीख नीट बघा. जन्म १९६२ चा असेल, तर आईचा स्वतःचा जन्म उपयोगाचा नाही. मग तिच्या आईवडिलांपासून, म्हणजे तुमच्या आजी-आजोबांपासून, साखळी सुरू करावी लागेल. आईचं घराणं गोव्याचं पण तिचा स्वतःचा जन्म मिरजेत, असं असेल तरी तेच.

कशासाठी करताय, ते आधी घरात बोला

ही पायरी लोक गाळतात आणि कागद गोळा करत सुटतात. मला विचाराल तर अर्धं काम इथेच आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९ सांगतं, की आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. परदेशी पासपोर्ट काढला, हा त्याचा निर्णायक पुरावा धरला जातो. ‘दोन्ही ठेवू, कुणाला कळतंय’ हा सल्ला देणारे गोव्यातही भेटतात आणि सांगलीत विश्रामबागच्या चौकातही. त्यांचं ऐकून भारतीय पासपोर्ट वापरत राहिलात तर पासपोर्ट कायद्याखाली दंड आणि नसता ताप पदरात पडतो. गोव्यात जुनी माहिती दडवल्याच्या कारणावरून कितीतरी लोकांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले आणि पुढचे सगळे कागद अडले.

आता आईच्या बाजूने विचार करा. ती सत्तरीची आहे, तिला पोर्तुगालला राहायला जायचं नाही, तिचं मन इथे आहे. मुलाला युरोपात नोकरीला जायचंय म्हणून हा घाट घातलाय. यात वाईट काही नाही, पण तिला तसं स्पष्ट सांगा. नागरिकत्व गेल्यावर तिला मतदान करता येणार नाही, ग्रामपंचायतीपासून कुठलीही निवडणूक लढवता येणार नाही. ओसीआय कार्ड (परदेशी झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं आजीवन राहण्याचं कार्ड) काढलं तर ती इथे तिच्या घरात हयातभर राहू शकते, पण मत नाही.

आणि शेती. आमच्याकडे खरी अडचण इथे येते. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, मळ्याची जमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही, बक्षीसपत्राने घेता येत नाही. वारसाने मिळू शकते, आणि आधीपासून नावावर असलेली राहते. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणजे तासगावकडे द्राक्षाची चार एकर आईच्या नावावर आहे, ती तिचीच राहील. पण शेजारची अर्धा एकर पुढच्या वर्षी तिच्या नावावर घेऊ असं ठरलं असेल, तर ते जमणार नाही. भावाभावांत वाटणी व्हायची असेल, सासऱ्यांच्या मागे सातबाऱ्यावर वारसनोंद राहिली असेल, तर ती कामं आधी उरका. तलाठ्याकडची वारसनोंद अर्धी ठेवून पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला अर्ज करणं म्हणजे आधी कळस मग पाया.

अजून एक भ्रम: लंडन. गोव्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंड गाठलं, स्विंडनसारख्या गावात तर गोवेकरांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि त्याच वर्षाअखेर मोकळ्या ये-जा करण्याची सवलत संपली. आज पोर्तुगीज नागरिकाला पोर्तुगाल, जर्मनी, फ्रान्स, आयर्लंडमध्ये राहण्या-कामाचा हक्क आहे, लंडनमध्ये तो आपोआप नाही. ज्याच्या डोक्यात फक्त इंग्लंड असेल त्याने इथेच थांबलेलं बरं.

आई ‘हो’ म्हणाली, कारण समजून म्हणाली, तर पुढे चला.

गोव्याचा जन्मदाखला

पहिला कागद गोव्यातच मिळणार. पोर्तुगीज काळात जन्माची नोंद तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात व्हायची आणि त्या वह्या आजही आहेत: फोंड्याची फोंड्याला, बार्देशची म्हापशाला, सासष्टीची मडगावला, सत्तरीची वाळपईला. दाखला मागायला जाताना आईचं नाव आणि जन्मसाल एवढ्यावर जाऊ नका. तिच्या आईवडिलांची पूर्ण नावं, आजोबांचं नाव, गाव, वाडा, शक्य असेल तर मोठ्या-धाकट्या भावंडांची जन्मसालं लिहून न्या. गावात मामाकडे कुणाचा जुना दाखला असेल तर त्याची झेरॉक्स सोन्यासारखी. एकाच घरातल्या नोंदी एकाच लिपिकाने एकाच पद्धतीने लिहिलेल्या असतात, त्यामुळे भावाचा दाखला सापडला की बहिणीचं आडनाव कसं शोधायचं ते कळतं.

कारण आडनाव तुमच्या ओळखीचं नसेल. पोर्तुगीज लिपिकाने कानाला ऐकू आलं तसं त्याच्या लिपीत उतरवलं. ‘श’ साठी तिकडे इंग्रजीतलं ‘एक्स’ अक्षर वापरतात, म्हणून शांताचं नाव एक्सपासून सुरू होतं. नाईक हे आडनाव ‘क्यू-यू-ई’ लावून संपतं. प्रभूचं पोरोबो, कामतचं कामोतिम, शेणवीचं सिनाय झालेलं असतं. इंग्रजी ‘एस’ खाली शांता शोधणाऱ्याला ‘नोंद नाही’ असा शेरा मिळतो आणि माणूस तसाच परत मिरजेची गाडी पकडतो. कार्यालयात जुनी वही वाचणारा एखादा अनुभवी कर्मचारी असतोच. त्याच्याशी कोकणीत नाही तरी मराठीत नीट बोला, घाई करू नका.

दाखल्याचे दोन प्रकार मिळतात. एक आजच्या छापील नमुन्यातला, चार ओळींचा. दुसरा मूळ नोंदीची शब्दशः नक्कल, तिला गोव्यात ‘तेओर’ म्हणतात. तुम्हाला तेओर पाहिजे. ती नीट वाचून घ्या, पोर्तुगीज येत नसेल तर गोव्यातल्याच एखाद्या जुन्या वकिलाकडून ओळ न् ओळ समजून घ्या. जन्माची तारीख आणि वेळ, गाव, आईवडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, नोंद कुणी सांगितली, साक्षीदार कोण, सगळं त्यात असतं. बाजूच्या समासात नंतरच्या नोंदी असतात: लग्न, नावातली दुरुस्ती. समास रिकामा आहे की भरलेला, हे पुढे महत्त्वाचं ठरतं. आणि एक सोय: ही नोंद मुळात पोर्तुगीजमध्येच असल्यामुळे तिचा अनुवाद करावा लागत नाही.

एक जूनची भानगड

तेओर हातात आली की घरी येऊन आईचं आधार, पॅन, मतदान कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, असेल तर पासपोर्ट, सगळं एका टेबलावर मांडा. आणि जन्मतारखा वाचा. आधारवर ‘१ जून’ दिसलं तर हसू नका, त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. गुरुजींनी शाळेत घालताना जी तारीख टाकली तीच पुढे सगळीकडे गेली. गोव्याची नोंद मात्र खरी तारीख सांगते, कदाचित साल पण वेगळं.

इथे सूत्र एकच लक्षात ठेवा: इथले कागद गोव्याच्या नोंदीशी जुळवायचे, गोव्याची नोंद इथल्या कागदांशी नाही. तेओर दाखवून आधारची जन्मतारीख बदलून घ्या. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे तेओर हातात यायच्या आधी आधार केंद्रावर जाऊ नका. मग पॅन, मग बँक. निवृत्त शिक्षिका किंवा सरकारी नोकरीतल्या आईच्या बाबतीत सेवापुस्तकातली तारीख बदलायला जाऊ नका. ती बदलत नाही आणि पेन्शनचं खुसपट निघेल. दोन तारखांची तफावत प्रतिज्ञापत्रावर मांडता येते. पेन्शन चालू असेल तर नागरिकत्व बदलल्यावर हयातीचा दाखला आणि बँक खात्याचं काय करायचं, हे अर्ज करण्याआधी कोषागारात लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

माहेरची शेवंती, सासरची सुमन

खरं घोडं अडतं ते इथे.

गोव्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं. आपल्याकडे त्या काळी आडनावाबरोबर नावही बदलायचं. तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलं, पंगतीत उखाणा घेतला, आणि माहेरची शेवंती सासरी सुमन झाली. कागदोपत्री कुठेच काही नाही. पन्नास वर्षं सगळे व्यवहार सुमन या नावाने झाले. आता लिस्बनच्या टेबलावर एका बाजूला गोव्यात जन्मलेली शेवंती आहे, दुसऱ्या बाजूला तुमच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून सुमन. तिथल्या अधिकाऱ्याला तांदळाचं ताट माहीत नाही. त्याच्या दृष्टीने या दोन बायका आहेत, आणि शेवंतीला मूलबाळ असल्याचा पुरावा नाही.

या दोघींना एक करणं हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा. त्यासाठी सगळ्यात वजनदार कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, ज्यात वधूचं लग्नापूर्वीचं पूर्ण नाव आणि लग्नानंतरचं पूर्ण नाव दोन्ही असतील. लग्न सत्तरच्या दशकातलं असेल तर नोंदणी झालेलीच नसणार. हरकत नाही, आता करता येते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली उशिरानेही विवाह नोंद होते: गावात ग्रामसेवकाकडे, शहरात सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या किंवा सातारा नगरपालिकेच्या विवाह निबंधकाकडे. नमुना ‘ड’ चं ज्ञापन (म्हणजे नोंदणीचा अर्ज), तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो. पत्रिका सापडत नसेल तर आईच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या कप्प्यात, आत्याकडे शोधा. लग्न लावणारे भटजी आता हयात नसतात; तसं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. साक्षीदार म्हणून लग्नाला खरोखर हजर असलेलं जुनं माणूस आणा, उगाच शेजारच्या दुकानातला पोरगा नको.

एक काळजी घ्या. ज्ञापन भरताना ‘वधूचे लग्नापूर्वीचे नाव’ या रकान्यात तेओरमधलं नाव अक्षराला अक्षर उतरवा, पोर्तुगीज स्पेलिंगसकट. ग्रामसेवक म्हणेल, ‘असलं नाव कुठं असतंय का काकी?’ त्याला तेओरची प्रत दाखवा. त्याने ‘बरोबर करून’ लिहिलं की तुमची साखळी तिथेच तुटली. प्रमाणपत्र हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा, घरी जाऊन नाही.

त्यावर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्या, ती आता ऑनलाइन अर्जाने होते. आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. एवढं करूनही वकील म्हणाला की दिवाणी न्यायालयाचा घोषणादर्शक हुकूम पाहिजे, तर नाव इतकं वेगळं आहे असं समजा आणि तो खर्च करा. नाव सारखं आणि फक्त स्पेलिंग वेगळं असेल तर कोर्टाची पायरी चढायचं कारण नसतं.

लग्न गोव्यात, तिथल्या नागरी नोंदणीत झालं असेल, तर या प्रकरणातलं बरंचसं तुम्हाला वगळता येईल. तेओरच्या समासात ती नोंद बघा.

तुमचा स्वतःचा जन्मदाखला

आईनंतर मुलांना अर्ज करायचा असेल तर हा भाग वाचा, नाहीतर पुढे जा.

जुन्या वहीतल्या कित्येक नोंदींत बाळाचं नाव नसतं, आईचं नावही नसतं, फक्त बापाचं नाव आणि ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’. बाळाचं नाव नंतर घालून घेता येतं. आईचं नाव नसेल तर ते काम जास्त चिवट आहे, रुग्णालयाचा जुना कागद, शाळेचा प्रवेश अर्ज यांचा आधार लागतो. आणि ज्यांची जन्मनोंदच झाली नव्हती, घरी बाळंतपण झालं, त्यांच्यासाठी एक खोच आहे. पोर्तुगीज कायद्याप्रमाणे आईबापाशी नातं मूल अज्ञान असताना प्रस्थापित झालेलं पाहिजे, म्हणजे अठरा वर्षांच्या आत. चाळिसाव्या वर्षी प्रांताधिकाऱ्यांच्या हुकमाने काढलेला जन्मदाखला भारतात पूर्ण वैध असतो, पण लिस्बनला तेवढ्यावर भागेलच असं नाही. अशा वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, लसीकरणाचं कार्ड, आईबापांच्या लग्नाचा दाखला, लहानपणी नातं नोंदलेलं दाखवणारे सगळे कागद जोडीला पाठवावे लागतात आणि पोर्तुगालच्या वकिलाचा सल्ला आधी घ्यावा लागतो.

शिक्के, अनुवाद, मुखत्यारपत्र

अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून लावलेला शिक्का. भारत २००५ पासून या अपोस्टिल करारात आहे, पोर्तुगाल त्याच्या कितीतरी आधीपासून. त्यामुळे आपला दाखला आधी राज्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडून साक्षांकित होतो आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल लागतो. गोव्याचा कागद गोवा सरकारकडून, महाराष्ट्राचा महाराष्ट्राकडून. दोन्ही एकत्र एका खिडकीवर देता येत नाहीत. मंत्रालय थेट लोकांकडून कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. ग्रामपंचायतीने हाताने लिहून दिलेला जुना दाखला असेल तर तो बाजूला ठेवा आणि संगणकीकृत, क्यूआर कोड असलेला नवा काढा. हाताने लिहिलेल्या दाखल्यावरची सही पडताळायला वरच्या कार्यालयात कुणाकडे नमुना नसतो.

मराठी मजकूर असलेल्या दाखल्यांचा पोर्तुगीज अनुवाद प्रमाणित करून जोडायचा. अनुवादकाला नावाचं स्पेलिंग तुम्ही लिहून द्या, त्याच्या मर्जीवर सोडू नका.

लिस्बनला केंद्रीय नोंदणी कार्यालय आहे, लोक त्याला कॉन्सर्वातोरिया म्हणतात. तिथे आईचा जन्म नोंदवला जातो, मग लग्न नोंदवलं जातं, मग मुलांचे अर्ज. हाच क्रम. बहुतेक लोक तिथल्या वकिलाला मुखत्यारपत्र देऊन काम करतात. पणजीत पोर्तुगालचं महावाणिज्य दूतावास आहे, तिथूनही मार्ग आहे. मुखत्यारपत्रावर आईची सही होताना ती ज्या सहीने बँकेत व्यवहार करते तीच करायला सांगा. मराठीत सही करत असेल तर मराठीत. परदेशी कागद म्हणून घाबरून इंग्रजीत ओढलेली नवी सही पुढे जुळत नाही.

एजंट हा विषय चार ओळींत आटोपतो. जो ‘स्पेलिंग आपण तिकडेच ॲडजस्ट करू’ म्हणतो, किंवा गोव्यात जन्म नसलेल्याला गोव्याचा दाखला काढून देतो म्हणतो, त्याच्या दारात उभं राहू नका. खोटे जन्मदाखले पकडले गेलेत, आणि गुन्हा कागदावर सही करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या आईवर, दाखल होतो. मूळ तेओर कुणाच्याही हातात देऊ नका. दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा. पैसे टप्प्याटप्प्याने, पावती घेऊन.

वेळ वर्षांत मोजायची तयारी ठेवा. लिस्बनला अर्जांचा ढीग आहे. २०२५ मध्ये पोर्तुगालच्या संसदेत नागरिकत्वाचा कायदा कडक करण्यावरून बरंच रणकंदन झालं. अर्ज टाकण्याच्या आठवड्यात लागू असलेला नियम वकिलाकडून लेखी मागून घ्या, चुलतभावाने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते नको.

नोंद झाली, आता भारताच्या बाजूचं काय

लिस्बनमधून आईच्या जन्मनोंदीचा क्रमांक आला की घरात पेढे वाटले जातात. पेढे खा, पण इथून पुढची कामं पटपट करायची आहेत.

पोर्तुगाल तिला आता आपली नागरिक मानतो. भारताच्या दृष्टीने ती नेमकी कुठल्या क्षणी परदेशी झाली, नुसत्या जन्मनोंदीने की कार्ड-पासपोर्ट घेतल्यावर, यावर गोव्यातल्या आमदारांच्या निवडणुकांपासून वाद झाले आहेत. त्यामुळे ‘मुलांसाठी आईची नुसती नोंद करू, पासपोर्ट काढायचाच नाही, म्हणजे तिचं भारतीयत्व शाबूत’ हा बेत मोहक असला तरी त्यावर डोळे मिटून विसंबू नका. नागरिकत्वाच्या कायद्यात काम करणाऱ्या भारतीय वकिलाचं लेखी मत आधी घ्या. विशेषतः आई सरपंच असेल, पतसंस्थेची संचालक असेल, किंवा जमिनीचा दावा चालू असेल तर. विरोधकांना असली गोष्ट शोधून काढायला फार वेळ लागत नाही.

पोर्तुगीज नागरिक कार्ड आणि पासपोर्ट काढायचं ठरलं तर पणजीला आईला स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे आणि फोटोसाठी. गोवा एक्स्प्रेस मिरजेला थांबते. गुडघ्याचं दुखणं असेल तर एसटीने घाट उतरण्यापेक्षा रेल्वे बरी. आयुष्यभर शेतात खुरपं धरलेल्या बायकांचे ठसे पुसट असतात, आधारच्या वेळी ज्यांना त्रास झाला त्यांना इथेही होईल. आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल चोळा, तिथे गेल्यावर हात कोरडे पुसा, आणि अडचण आहे हे खिडकीवर आधीच सांगा.

परदेशी पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट जमा करून समर्पण प्रमाणपत्र घ्यायचं. सांगली, साताऱ्यासाठी पुण्याचं पासपोर्ट कार्यालय. या प्रमाणपत्राशिवाय ओसीआयचं गाडं पुढे सरकत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ आयांनी कधी पासपोर्ट काढलेलाच नसतो. मग जमा करायला काही नाही, तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. नव्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा नसतो, आणि आई तर सांगलीतच बसलेली आहे. म्हणजे कागदोपत्री ती व्हिसा नसलेली परदेशी झाली. म्हणून ओसीआयचा ऑनलाइन अर्ज आणि एफआरआरओकडची (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडची) पूर्तता लांबवायची नाही. या मधल्या काळात विमानाचं तिकीट काढू नका, जुना भारतीय पासपोर्ट घेऊन तर अजिबात नाही.

ओसीआय अर्जात पासपोर्टवरचं नाव आणि इथल्या कागदांवरचं नाव वेगळं दिसणार, शेवंती-सुमन पुन्हा उभी राहणार. तुम्ही आधी केलेलं विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्र इथे परत कामाला येतं, म्हणून त्यांच्या जास्तीच्या प्रती आधीच काढून ठेवल्या असतील तर बरं.

मग मतदार यादीतून नाव कमी करायला नमुना ७ भरा. निवडणुकीच्या दिवशी कुणी उमेदवार रिक्षा घेऊन दारात आला तरी आईला जाऊ देऊ नका, त्याला नाराज केलेलं परवडतं. बँकेत नागरिकत्वाची नवी माहिती द्या, जिल्हा बँक आणि गावच्या पतसंस्थेतही. रेशनकार्डावरचं नाव पुरवठा कार्यालयात कळवा. सरकारी योजनेचे पैसे खात्यात येत असतील तर ते थांबवण्याचा अर्ज स्वतःहून द्या. नंतर वसुली निघाली तर मनस्ताप जास्त. आधार लगेच बंद होत नाही, इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते मिळतं, पण त्यातली माहिती बदलून घ्यावी लागते.

पोर्तुगालकडच्या नोंदीही चालू ठेवायच्या असतात. वडील वारले तर त्यांच्या मृत्यूची नोंद आईच्या तिकडच्या दप्तरात करून घ्या, नाहीतर तिथे ती विवाहितच राहते आणि मुलांच्या अर्जात वडिलांच्या कागदांवर शंका निघते. घर बदललं, विश्रामबागेतून मिरजेला आलात, तर दूतावासात पत्ता कळवा. त्यांची पत्रं जुन्या पत्त्यावर गेली तर पोस्टमन ती परत लावतो, आणि ती परत लिस्बनला पोचेपर्यंत उत्तर देण्याची मुदत संपलेली असते.